फरक कोणाच्या खाती?

जमाखर्चाच्या वहीत एक रुपयाचा फरक निघाला, तर जाणता कारकून खिशातला रुपया टाकून हिशेब जुळवीत नाही. तो पुन्हा पहिल्या पानापासून आकडे तपासू लागतो. एका रुपयाच्या फरकामागे हजारांच्या दोन चुका पाठीला पाठ लावून बसलेल्या असू शकतात, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. चूक सापडेपर्यंत ती रक्कम 'सस्पेन्स' खात्यात ठेवली जाते. हे खाते म्हणजे निकाल नव्हे. निकाल लागेपर्यंतची ती बसायची जागा. आकड्यांच्या बाबतीत पाळला जाणारा हा संयम माणसांच्या बाबतीत मात्र क्वचितच पाळला जातो. रक्कम थांबून राहते. दोष तेवढा तत्काळ कोणाच्या तरी नावे पडतो. भोर येथे काही वर्षांपूर्वी एका जुन्या मोटारीच्या निमित्ताने असेच घडले.

भोर हे एके काळी पंतसचिवांच्या संस्थानाचे गाव. नीरेच्या काठी वसलेले, राजवाड्याचा दिमाख अजून जपणारे. जवळच १९२८ साली पूर्ण झालेले भाटघरचे धरण, एका अंगाला रोहिडा, आणि पश्चिमेला वरंध घाटाकडे जाणारी वळणावळणाची वाट. या गावच्या बाजारपेठेत दोन पिढ्या धान्याचा व्यापार करणारे एक कुटुंब राहते. घरातील थोरले शेठ वयाची ऐंशी ओलांडलेले. तरुणपणी ते वेल्ह्याच्या बाजारात तांदूळ खरेदीसाठी बैलगाडीने आणि पुढे एस.टी.ने जात असत. धंदा स्थिरावल्यावर त्यांनी आयुष्यात एकच हौस केली. पुण्यातील एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याची १९५१ सालची एम.जी. मोटार त्यांनी विकत घेतली.

एम.जी. म्हणजे 'मॉरिस गॅरेजेस'. ऑक्सफर्डमधील या मोटारविक्रीच्या दुकानात सेसिल किंबर नावाचे कल्पक व्यवस्थापक होते. त्यांनी साध्या मॉरिस मोटारींना हलकी, देखणी अंगे चढविली आणि त्यातून ब्रिटिश स्पोर्ट्स कारची एक परंपराच सुरू झाली. भोरची मोटार या परंपरेतील 'टी.डी.' जातीची. १९४९ ते १९५३ या काळात अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात अशा मोटारी तीस हजारांच्या आसपास बनल्या आणि त्यांतील बहुतेक अमेरिकेला गेल्या. दोन माणसे बसतील एवढीच जागा, कापडी छप्पर, लांब नाक, बाहेर आलेले गोल दिवे आणि १२५० सी.सी.चे चार सिलिंडरचे इंजिन. आजच्या मानाने तिचा वेग मोठा नाही. परंतु रस्ता अंगाला जाणवावा आणि इंजिनाचा सूर कानी पडावा, यासाठीच ती बनविलेली होती.

इंग्लंडची ही गाडी भोरमध्ये कोण सांभाळणार, असा प्रश्न कोणासही पडावा. त्याचे उत्तर होते गावातील एक वयोवृद्ध मिस्त्री. सगळे त्यांना 'वस्ताद' म्हणत. त्यांचे शिक्षण मुंबईला, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या मोटारींवर झाले होते. सोलापूरच्या जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये 'प्रीमियर ऑटोमोबाइल्स'ची स्थापना केली. पुढे त्याच कारखान्यातून फियाट आणि पद्मिनी बाहेर पडल्या. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचा प्रवास ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबला. पण त्या गाडीने मिस्त्रींच्या दोन पिढ्या घडविल्या. पद्मिनी आणि एम.जी. यांचे देश वेगळे, घराणी वेगळी. परंतु दोघींची चार सिलिंडरे 'एक-तीन-चार-दोन' याच क्रमाने पेटतात आणि दोघींची ठिणगी एकाच रीतीने जन्माला येते. म्हणून वस्तादांना ही मोटार कधी परकी वाटली नाही.

वस्तादांच्या हाताखाली वेल्ह्याकडचा एक मुलगा होता. वेल्हे तालुक्याचे नाव आता राजगड झाले असले, तरी तेथील माणसे स्वतःला अजून वेल्ह्याचीच म्हणवितात. तोरण्याच्या पायथ्याशी असलेल्या एका वाडीतून हा मुलगा दहावीनंतर भोरला आला. गॅरेजमधल्या रीतीप्रमाणे त्याला नाव पडले 'बारक्या'. पाच वर्षांत बारक्याचा हात बसला. त्या वर्षीच्या जूनमध्ये वस्तादांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया ठरली आणि ते विश्रांतीसाठी मुलाकडे गेले. जाताना त्यांनी गॅरेज बारक्यावर सोपविले. पावसाळ्यापूर्वीची एम.जी.ची सर्व्हिसिंग त्याने एकट्याने केली. तेल बदलले, प्लग साफ केले, डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंट घासून त्यांचे अंतर बसविले. गाडी उत्तम चालू लागली.

जुलै तसाच गेला. धाकट्या शेठना पावसात गाडी काढण्याची आवड. कापूरहोळवरून महामार्गाने चेलाडी, तेथून नसरापूर, मार्गासनी, विंझर असे करीत वेल्ह्याला जायचे, धुक्यात बुडालेला तोरणा पाहायचा, चहा घ्यायचा आणि परतायचे, हा त्यांचा नेम. ऑगस्टमध्ये अशाच एका फेरीत मार्गासनीच्या पुढे गाडी अडखळू लागली. सपाटीवर ठीक, चढ लागला की इंजिन एक ठोका गाळी, गाडीला हिसका बसे, आणि मागच्या नळीतून फटफट आवाज येई. गॅरेजच्या भाषेत गाडी 'मिसिंग' मारू लागली.

भोरला परतताच धाकटे शेठ थेट गॅरेजवर गेले. दुकानात चार गिऱ्हाइके उभी होती. "शेवटचा हात तुझाच लागला होता. पॉइंट तूच बसवलेस. वस्ताद नाहीत तर गाडीला हात लावायचाच नव्हता," असे ते सर्वांदेखत बोलले. बारक्याने बॉनेट उघडून पाहू देण्याची विनंती केली. ती मिळाली नाही. "याच्या हाती गाड्या देऊ नका," हे जाता जाता उच्चारलेले वाक्य दोन दिवसांत बाजारभर झाले. कारागिराचे भांडवल म्हणजे त्याच्या हातावरचा विश्वास. ते बुडाले की दुकान उघडे असूनही बंदच असते. आठवडाभरात बारक्या किल्ल्या शेजारच्या दुकानात ठेवून आपल्या वाडीला निघून गेला.

एम.जी. पुण्याच्या एका मोठ्या गॅरेजमध्ये गेली. तेथे चारही प्लग नवे घातले गेले, प्लगच्या वायरी बदलल्या, दोन्ही कार्बोरेटर उघडून धुतले, पेट्रोलचा पंप दुरुस्त झाला. बिल लांबलचक आले. गाडी चार दिवस बरी चालली. त्या चार दिवसांत पाऊस नव्हता. पाचव्या दिवशी सरी आल्या आणि पुन्हा तोच हिसका, तीच फटफट. कोणी पेट्रोलमधील इथेनॉलला दोष दिला, कोणी गाडीच्या वयाला. गाडी विकून टाकावी, असाही विचार घरात निघाला.

थोरले शेठ इतके दिवस गप्प होते. एका संध्याकाळी त्यांनी मुलाला विचारले, "त्या पोराच्या नावे चूक लिहिलीस, ती तपासून लिहिलीस का?"

"बापूजी, शेवटचा हात त्याचाच होता."

"शेवटची सही कोणाची आहे, यावरून अफरातफर कोणी केली ते ठरत नाही. वस्ताद परत आले आहेत. उद्या गाडी त्यांच्याकडे ने. आणि तू सोबत थांब."

वस्तादांच्या डोळ्याला अजून गडद चष्मा होता. त्यांनी ना पाना हाती घेतला, ना बॉनेट उघडले. गाडी कधी अडखळते, थंड असताना की तापल्यावर, सपाटीवर की चढावर, कोरड्या हवेत की ओल्या, एवढेच ते विचारीत राहिले. मग म्हणाले, "चला शेठ, तिला दुखतंय तिथं जाऊन बघू."

गाडी हिर्डोशीच्या रस्त्याने निघाली. नीरा देवघरच्या जलाशयाच्या कडेने पाऊस भुरभुरत होता. एका लांब चढावर इंजिनाने ठोका गाळायला सुरुवात केली. वस्तादांनी तत्क्षणी सांगितले, "क्लच दाबा, चावी बंद करा, आणि गाडी कडेला घ्या. आता तिला परत चालू करायची नाही." यामागे कारण होते. गाडी तशीच चालवीत घरी आणली, तर सपाटीवर सर्व सिलिंडरे नीट पेटून प्लग स्वच्छ होतात आणि पुरावा पुसला जातो. दोष घडत असतानाच इंजिन थांबविले, तर प्लगचे टोक त्या क्षणाची साक्ष देते.

चारही प्लग काढून बॉनेटवर ओळीने ठेवले गेले. पहिला, दुसरा आणि चौथा कॉफीच्या रंगाचे, कोरडे. जळण योग्य असल्याची ती खूण. तिसरा काळा आणि पेट्रोलने ओला.

"तिसऱ्यात पेट्रोल येतंय, पण पेटत नाही," वस्ताद म्हणाले. "आता एकेकाला सोडवत जाऊ."

पुढचे दोन दिवस चाललेले काम म्हणजे एक प्रकारची न्यायदानाचीच प्रक्रिया होती. नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा त्याच चढावर जाऊन पाहायचे. सहा गोष्टी एकदम बदलल्या, तर गाडी सुधारली तरी कशाने सुधारली ते कळत नाही, आणि न सुधारल्यास आधीच्या दोषात नव्याची भर पडली का, तेही कळत नाही.

प्रथम तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरचे प्लग आपसात बदलले. दोष प्लगमध्ये असता, तर तो प्लगबरोबर चौथ्यात गेला असता. तो तिसऱ्यातच राहिला. प्लग निर्दोष ठरला. मग तिसऱ्याला जपून ठेवलेली दुसरी वायर जोडली. दोष हलला नाही. वायरही सुटली. कार्बोरेटरचा प्रश्न विचारानेच मिटला. या इंजिनाला दोन कार्बोरेटर असतात. पुढचा मुख्यतः पहिल्या दोन सिलिंडरांना पुरवठा करतो आणि मागचा तिसऱ्या-चौथ्याला. मागच्यात कचरा असता, तर चौथ्यानेही तक्रार केली असती. चौथा मात्र कॉफीच्या रंगाचा, समाधानी. नंतर गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन मोजले. चारही सिलिंडरांचे आकडे जवळपास सारखे आले. म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनही सुटले.

राहिले पॉइंट, ज्यांच्यापायी एक मुलगा गाव सोडून गेला होता. वस्तादांनी धाकट्या शेठना जवळ बोलावले. डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंट दर वेळी उघडले की कॉइलमध्ये हजारो व्होल्टचा दाब तयार होतो. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर सेकंदाला शंभर ठिणग्या लागतात. प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याला पंचवीस. या शंभरच्या शंभर ठिणग्या त्याच एका पॉइंटच्या जोडीतून निघतात. "पॉइंट चुकला तर चौघंही रडतील," वस्ताद म्हणाले. "इथं रडतोय एकटा." तरीही त्यांनी फिलर गेज घालून अंतर मोजले. इंचाच्या हजाराव्या भागाला गॅरेजमध्ये 'थाऊ' म्हणतात. अंतर बारा थाऊ भरले. या मोटारीला हवे तितकेच. दोन महिन्यांच्या चालीनंतरही बारक्याचे काम जागचे हलले नव्हते.

धाकटे शेठ काही बोलले नाहीत.

आता संशय उरला तो डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवर. कॉइलकडून आलेला दाब या बॅकेलाइटच्या टोपीतून चार वाटांनी चार प्लगांकडे जातो. टोपी पुसून उजेडात धरली, तेव्हा ती धड दिसली. वस्तादांनी अंधार पडू दिला. गॅरेजचे दिवे मालवले, इंजिन सुरू केले आणि न्हाव्याकडे असते तशा फवाऱ्याच्या बाटलीने टोपीवर पाण्याचे बारीक तुषार मारले. इंजिन लगेच अडखळले, आणि त्याच क्षणी तिसऱ्या वाटेच्या बुडापासून खालच्या लोखंडी क्लिपपर्यंत एक निळी बारीक रेघ थरथरत धावली. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. प्लगपर्यंत जायची ठिणगी अर्ध्या वाटेतच जमिनीला मिळत होती.

भिंग लावून पाहिले तेव्हा केसाएवढी चीर दिसली. तिच्या आत कोळशाची काळी रेघ जमली होती. चिरेत ओल शिरते, विजेचा अंश त्या वाटेने निसटतो, निसटताना बॅकेलाइट जाळतो, आणि जळून झालेला कोळसा विजेला आणखी सोपी वाट करून देतो. म्हणूनच दोष एका दिवसात न दिसता काही आठवड्यांनी वर आला. चढावर इंजिन अधिक मिश्रण ओढते. सिलिंडरमधील दाब वाढतो आणि प्लगच्या टोकांमधील फट ओलांडायला विजेला अधिक जोर लागतो. पाणी जसे उताराची वाट धरते, तशी वीज मग त्या चिरेची सोपी वाट धरते. सपाटीवर आणि कोरड्या हवेत गाडी शहाणी का वागत होती, याचाही उलगडा झाला.

दिवे लागले. वस्तादांनी चष्म्यातून वर पाहत शांतपणे विचारले, "शेठ, ही टोपी मधे कोणी काढली होती का?"

नाही म्हणणे सोपे होते. ती गोष्ट पाहणारे कोणी नव्हते. जुलैमधल्या एका फेरीत विंझरजवळ रस्त्यावर पाणी साचले होते. त्यातून काढताना गाडी बंद पडली. धाकट्या शेठनी बॉनेट उघडले, टोपी काढून रुमालाने पुसली. पुसताना ती ओल्या हातातून निसटून दगडावर पडली. त्यांनी उचलून पाहिली, धड वाटली, तशीच बसविली. गाडी सुरू झाली आणि ते विसरले. हे विसरणे खोटे नव्हते. पण ऑगस्टमध्ये दोष शोधताना त्यांनी स्वतःच्या हाताचा विचार एकदाही केला नव्हता, हेही तितकेच खरे होते. कामगाराचा शेवटचा हात त्यांना आठवला. त्यानंतरचा मालकाचा हात आठवला नाही.

"माझ्या हातून पडली होती," ते म्हणाले.

वस्तादांनी मान हलविली. चिरेतील कोळसा खरवडून त्यांनी ती तात्पुरती अ‍ॅराल्डाइटने भरली. या मोटारींचे सुटे भाग इंग्लंडमध्ये अजून बनतात. नवी टोपी मागविण्यात आली. पुण्याच्या लांबलचक बिलापुढे तिची किंमत किरकोळ होती.

टोपी आली ती भाताला लोंब्या धरण्याच्या सुमारास. वस्तादांनी ती बसविली आणि हिर्डोशीच्या चढावर गाडीने एकही ठोका गाळला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरल्या शेठनी कोट चढविला आणि मुलाला म्हणाले, "वेल्ह्याला जायचे. बोललास चार लोकांत. आता एकान्तात जाऊन चालणार नाही." दोनच माणसांची गाडी, म्हणून वस्ताद पुढे एस.टी.ने गेले आणि बारक्याला त्यांनी वेल्ह्याच्या बाजारपेठेत बोलावून घेतले.

मुलगा आला तो शेतातून, पायांना चिखल घेऊन. सोबत त्याची आई होती. चहाच्या दुकानापुढे दहा-बारा माणसे गाडी पाहायला जमली होती. धाकट्या शेठनी त्या सर्वांसमक्ष काय घडले ते सांगितले. टोपी पडल्याचे सांगितले, पॉइंट अचूक असल्याचे सांगितले, आणि हात जोडून म्हणाले, "चूक माझी होती. ती मी तुझ्या नावे टाकली. भोरच्या बाजारातही हेच सांगितले आहे."

क्षणभर कोणी बोलले नाही. मुलाची आई म्हणाली, "शेठ, पोरानं दोन महिने पान्याला हात लावला न्हाई. मी म्हणायची, चुकलं आसंल तर चुकलं म्हण. तो म्हणायचा, आये, चुकलं न्हाई, पर दावायचं कुणाला?"

बारक्याचे लक्ष शेठकडे नव्हते. तो वस्तादांकडे पाहत होता. "वस्ताद, पॉइंट किती भरला?"

"बारा थाऊ."

त्याने मान खाली घातली आणि काही वेळ ती वर केली नाही. मग गाडीजवळ जाऊन त्याने बॉनेटवर हात ठेवला. "चालू करा ना, शेठ."

इंजिन सुरू झाले. चार ठोके एकसारखे पडत होते. मुलगा कान देऊन ऐकत राहिला आणि वस्तादांना म्हणाला, "मागचा कार्बोरेटर जरा जास्त पेट्रोल पितोय. पुण्यात खोलला तेव्हा बिघडला आसंल." वस्ताद हसले. त्यांनी पिशवीतून पाना काढून त्याच्या हाती दिला.

बारक्या लगेच भोरला परतला नाही. भात काढून झाल्यावर येईन, असे त्याने सांगितले, आणि दिवाळीनंतर तो आला. गिऱ्हाइके परतायला मात्र त्याहून अधिक दिवस लागले. एका वाक्याने बाजारात गेलेले नाव एका क्षमायाचनेने संपूर्ण परत येत नाही. ते थोडे थोडे वसूल होते, जुन्या उधारीसारखे. धाकटे शेठ हे जाणून होते. त्या वर्षी त्यांनी दुकानाची मालवाहू गाडी, पाहुण्यांच्या मोटारी, जे मिळेल ते बारक्याकडे पाठविले, आणि कोणी विचारले तर टोपीची हकीकत न लाजता सांगितली.

यंत्रातील दोष शोधणे त्या मानाने सोपे. यंत्र खोटे बोलत नाही. त्याला क्रमाने विचारले तर ते क्रमाने उत्तर देते. कठीण असते ते विचारणाऱ्याने संशयितांच्या यादीत स्वतःचे नाव घालणे. हिशेबात फरक निघाला, की आधी दुसऱ्याच्या नोंदी तपासण्याचा मोह होतो. पुष्कळदा तो फरक आपल्याच अक्षरात लिहिलेला सापडतो. तोवर रक्कम सस्पेन्समध्ये थांबावी, आणि माणूसही. आणि नोंद ज्याच्या खाती सापडेल, त्याने ती चारचौघांत मान्य करावी.